कारखान्यातून निघाली तशी

ओहायोतल्या एका शेतावर, पत्र्याच्या शेडमध्ये, सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी माझ्यादेखत आपल्या १९७० च्या शेवरोले शेव्हेलची मागची सीट काढली आणि जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर उलटी ठेवली. रेक्झिनच्या आत कापसाचा थर, त्याखाली गंजलेल्या स्प्रिंगा आणि स्प्रिंगांमध्ये अडकलेला, पिवळा पडून पापडासारखा कडक झालेला एक घडीचा कागद. त्याचा एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता. त्यांनी तो ओढला नाही. आधी बॅटरीच्या उजेडात चारी बाजूंनी फोटो काढले. मग एकेक स्प्रिंग हाताने दाबत, दोन पोस्टकार्डांच्या मध्ये धरून कागद अलगद बाहेर घेतला. कागदावर छापील चौकटी होत्या, चौकटींत आकडे आणि अक्षरं होती. इंजिनाच्या चौकटीत तीनच अक्षरं होती : सीआरव्ही. गृहस्थ स्टुलावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या तीन अक्षरांचं मोल समजायला थोडा हिशोब मांडावा लागतो. १९७० साली शेव्हेलच्या ‘एसएस ४५४’ पॅकेजमध्ये दोन इंजिनं मिळत. दोन्ही ४५४ घनइंचांची, म्हणजे सुमारे ७.४ लिटरची. एक एलएस५, ३६० अश्वशक्तीचं. दुसरं एलएस६, ४५० अश्वशक्तीचं. गाडीवरचा बिल्ला दोन्हींचा एकच. शेवरोलेच्या त्या काळच्या गाडी क्रमांकावरून एवढंच कळतं की आत व्ही-८ इंजिन आहे. कोणतं व्ही-८ ते कळत नाही. गाडी ‘एसएस’ आहे की साधी मालिबू, हेसुद्धा त्यातून कळत नाही, कारण एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, मालिबूवर पैसे भरून घेतलेलं ऑप्शन होतं. कोणत्या गाडीत काय बसवून दिलं याच्या गाडीवार नोंदीही शेवरोलेने पुढच्यांसाठी राखल्या नाहीत. म्हणजे ती गाडी खरोखर एलएस६ म्हणून जन्मली की नंतर कोणी तसं इंजिन आणून बसवलं, याचा निवाडा करायला सीटखालचा तो कागद होता. सीआरव्ही हा चार गिअरच्या एलएस६ चा कोड. जोडणी करणाऱ्या कामगाराला कोणता भाग उचलायचा हे कळावं म्हणून छापलेला, काम झाल्यावर कोणीतरी सीटमध्ये खुपसून दिलेला हा ‘बिल्ड शीट’चा कागद अर्ध्या शतकानंतर त्या गाडीचा जन्मदाखला ठरला.

अशा कागदांबद्दल, आकड्यांबद्दल आणि खुणांबद्दल हे पुस्तक आहे. अमेरिकन मसल कारच्या वेगावर, आवाजावर, देखणेपणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. गाडी कारखान्यातून नेमकी कशी निघाली, ते आज कसं ओळखायचं आणि ते ओळखणं इतकं महत्त्वाचं का, याबद्दल मराठीत सलग लिहिलेलं काही माझ्या हाती लागलं नाही. ती उणीव भरून काढावी, एवढाच या लेखनामागचा हेतू.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, दोन दारांची, तरुण नोकरदाराच्या आवाक्यातली अमेरिकन गाडी, आणि तिच्या बोनेटखाली मोठ्या गाडीचं इंजिन. तिचा बहराचा काळ ढोबळमानाने १९६४ ते १९७२. सुरुवात पाँटिअ‍ॅक जीटीओपासून धरतात, आणि ती सुरुवात कशी झाली हे पाहिलं की या पुस्तकाचा विषय आपोआप उलगडतो. जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन द्यायचं नाही. पाँटिअ‍ॅकमधल्या जॉन डिलोरिअन, बिल कॉलिन्स आणि रस गी या इंजिनिअरांना टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचं इंजिन घालायचं होतं. नियम मॉडेलसाठी होता, ऑप्शनसाठी नव्हता. म्हणून त्यांनी जीटीओ हे मॉडेल म्हणून काढलंच नाही. टेम्पेस्ट लमॅन्सवर मिळणारं, तीनशे डॉलरच्या आतलं एक ऑप्शन म्हणून यादीत घातलं. पाच हजार गाड्या खपल्या तरी खूप, असा विक्री खात्याचा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या.

या गाड्यांची जातच ऑप्शन म्हणून जन्माला आली. म्हणून तिचा खरा इतिहास मॉडेलच्या नावांत शोधून सापडत नाही, तो ऑर्डरच्या फॉर्मवर सापडतो. आज आपण शोरूममध्ये जातो तेव्हा तीन-चार व्हेरियंटमधून एक निवडतो आणि रंग सांगतो. साठच्या दशकातल्या अमेरिकन डीलरच्या टेबलावर लांबलचक यादी असे. इंजिन कोणतं, गिअर तीन की चार की ऑटोमॅटिक, मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर किती, ब्रेक ड्रमचे की डिस्कचे, पुढे सलग बाकडं की दोन वेगळ्या सीटा, रेडिओ हवा की नको, छतावर विनाइल चढवायचं का. प्रत्येक गोष्टीला कोड आणि प्रत्येक कोडाला किंमत. १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर या सगळ्याची छापील यादी किमतींसह चिकटवणं सक्तीचं झालं. कायदा आणणाऱ्या सिनेटर माइक मोनरोनी यांच्या नावावरून त्या कागदाला आजही ‘मोनरोनी स्टिकर’ म्हणतात. ग्राहक टिकमार्क करत जाई आणि त्याच्या संसाराचा, पगाराचा, हौसेचा हिशोब त्या फॉर्मवर उतरत जाई. कोणी इंजिन सगळ्यात मोठं घेतलं आणि पैसे वाचवायला रेडिओ सोडला. कोणी इंजिन साधं घेतलं, पण घड्याळ आणि रंगीत काचा मागितल्या. या निवडी करणारी माणसं आज ओळखीची नाहीत. निवडी मात्र लोखंडावर उरल्या आहेत.

आज ज्यांच्यासाठी लोक देशभर फिरतात ती दुर्मीळ ऑप्शन्स बहुतेक त्या काळी कोणाला नको होती. १९६९ च्या शेवरोले कमॅरोवर ‘जेएल८’ या कोडाने चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळत. किंमत पाचशे डॉलर. तेवढ्या पैशांत इंजिन कितीतरी वाढवून घेता येत होतं, आणि विशीतल्या ग्राहकाला थांबण्यापेक्षा सुटण्याची ओढ होती. ते ब्रेक फक्त २०६ गाड्यांवर गेले. त्याच वर्षी शेवरोलेने बर्फावर घसरणाऱ्या मागच्या टायरांवर चिकट द्रव फवारणारी यंत्रणा विकायला काढली. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की मागच्या चाकांजवळ बसवलेल्या डब्यांतून फवारा उडे. १९७० च्या जीटीओवर एक खुंटी ओढली की सायलेन्सरमधली झडप उघडून आवाज मोकळा सुटे, असं ऑप्शन होतं. कंपनीने ते काही आठवड्यांतच बंद केलं आणि अडीचशेहून कमी गाड्यांवर ते उरलं. प्लायमाउथने १९६९ मध्ये फुलाफुलांच्या नक्षीचं विनाइल छत विकलं. १९७१ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत मायक्रोफोनसह कॅसेट रेकॉर्डर मिळत होता, चालवता चालवता पत्राचा मजकूर बोलून ठेवायला. यातलं प्रत्येक ऑप्शन आज संग्राहक बॅटरी घेऊन शोधतात. त्या ऑप्शनच्या अपयशातूनच त्याचं दुर्मीळपण आलं आहे, हे वाचकाने पहिल्यापासून ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या प्रकारचं दुर्मीळपण नियमांच्या फटीतून आलं. जनरल मोटर्सने पुढे मर्यादा वाढवून ४०० घनइंच केली, तरी कमॅरोमध्ये ४२७ चं इंजिन यादीतून मागवता येत नव्हतंच. पण शेवरोलेमध्ये ‘कोपो’ नावाची एक वाट होती : सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर. पोलीस खात्याला दणकट गाड्या हव्या असत, टॅक्सी कंपनीला वेगळं आसन हवं असे, कोणाला साऱ्या ताफ्याला एकच खास रंग हवा असे. अशा घाऊक मागण्यांसाठी ती व्यवस्था होती. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे डीलर डॉन येन्को यांच्यासारख्यांनी ती वाट वेगवान गाड्यांसाठी वापरली आणि १९६९ मध्ये कोपो ९५६१ या क्रमांकाने ४२७ ची कमॅरो कारखान्यातूनच बाहेर पडू लागली. त्याच वर्षी इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्याशा गावचे डीलर फ्रेड गिब यांनी कोपो ९५६० खाली पन्नास गाड्या मागवल्या. इंजिन झेडएल१, मूळ शर्यतीसाठी घडवलेलं, ब्लॉकसकट अ‍ॅल्युमिनियमचं. पन्नास यासाठी की ड्रॅग शर्यतीच्या नियमाप्रमाणे तेवढ्या गाड्या तयार झाल्याशिवाय ती गाडी त्या वर्गात उतरू शकत नव्हती. गाड्या आल्या तेव्हा नुसत्या इंजिनाचेच चार हजारांहून जास्त डॉलर लावले होते. गाडी सात हजारांच्या वर गेली. गावात इतक्या किमतीची कमॅरो घेणार कोण? बऱ्याच गाड्या परत पाठवाव्या लागल्या आणि त्या देशभरच्या डीलरांकडे वाटल्या गेल्या. इतर डीलरांच्या मागण्या धरून एकूण ६९ झेडएल१ कमॅरो झाल्या. बाहेरून त्या अगदी साध्या दिसत. अंगावर मोठ्या इंजिनाचा बिल्ला नाही, चाकांवर वाटीएवढ्या साध्या टोप्या.

क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनाची गोष्टही याच वळणाची. १९६४ च्या डेटोना ५०० शर्यतीत रिचर्ड पेटी यांना त्याने जिंकून दिलं. रस्त्यावरच्या गाड्यांत ते १९६६ मध्ये आलं आणि १९७१ नंतर संपलं. कागदावर ४२५ अश्वशक्ती. महाग, पेट्रोल पिणारं, सतत ट्यूनिंग मागणारं. शिवाय सत्तर साल उजाडेपर्यंत विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते इतके वाढवले होते की तरुण ग्राहकाला गाडी घेणं जमलं तरी विमा भरणं जमेना. क्रायस्लरच्याच प्लायमाउथच्या हेमी ‘कूडा’ची उघड्या छताची आवृत्ती १९७० मध्ये १४ निघाली, १९७१ मध्ये जेमतेम डझनभर. त्या डझनभरातली चार गिअरची एक गाडी २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. शर्यतीच्या पात्रतेसाठी १९७० मध्ये काढलेली, टोकदार नाकाची आणि उंच पंखाची प्लायमाउथ सुपरबर्डही डीलरांकडे पडून राहिली. काहींनी तिचे नाक-पंख काढून साध्या रोडरनरसारखी करून विकली. ज्यांनी ती तशीच ठेवली त्यांचे वारस आज स्वतःला धन्य मानतात.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. दुर्मीळ आणि मौल्यवान हे दोन शब्द एकाच श्वासात घ्यायची सवय लागली आहे, ती सोडायला हवी. इंजिन, गिअर, अ‍ॅक्सल, रंग, आसनाचा रंग, रेडिओ, घड्याळ असं एकावर एक रचत गेलं की कोणतीही साधी गाडी शेवटी ‘जगात एकमेव’ ठरवता येते. विक्रेते हे हमखास करतात. १९६९ मध्ये पाँटिअ‍ॅक ट्रान्स-अ‍ॅमच्या उघड्या छताच्या फक्त ८ गाड्या झाल्या, या आकड्याला अर्थ आहे, कारण ती संपूर्ण गाडीची मोजणी आहे. अमुक हिरव्या रंगात, तमुक आसनासह आणि घड्याळाविना एकच झाली, या विधानाला तेवढा अर्थ नाही. दुर्मीळपणाचा आकडा ऐकला की ‘कशापैकी इतक्या?’ असं आधी विचारावं.

आता अस्सलपणाकडे येऊ. आपल्याकडे गाडीची मालकी बदलताना किंवा विमा उतरवताना चॅसी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेला छाप जोडतात. मसल कारच्या अभ्यासाची सुरुवात नेमकी तिथेच होते, फक्त नंबर एक नसतो, अनेक असतात आणि त्यांनी एकमेकांशी बोलायला हवं असतं. शेवरोलेच्या मोठ्या व्ही-८ वर, इंजिनाच्या पुढच्या अंगाला, उजव्या हेडच्या समोर ब्लॉकचा एक सपाट तुकडा असतो. त्यावर ‘टी०३१५सीआरव्ही’ असा पंच मारलेला दिसला तर वाचायचं असं : टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा इंजिन कारखाना, ०३१५ म्हणजे १५ मार्च, आणि सीआरव्ही हे आपल्याला भेटलेलं इंजिन. शेजारी गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे. ब्लॉकवर ओतकामातच उमटलेली दुसरी तारीख असते : महिन्यासाठी अक्षर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. ओतकाम आधी, इंजिनाची जोडणी नंतर, गाडीची जोडणी त्याहून नंतर. हा क्रम मोडला की काहीतरी बिनसलं आहे. मार्चमध्ये बनलेल्या गाडीत मे महिन्यात ओतलेला ब्लॉक जन्मतः असूच शकत नाही.

त्या सपाट तुकड्याकडे भिंगातून पाहिलं की अजून एक गोष्ट दिसते. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंग मशीनने सपाट करत. त्या कटरच्या दात्यांनी लोखंडावर बारीक, समांतर रेघा सोडलेल्या असतात, नांगरलेल्या शेतासारख्या, आणि पंचाचे आकडे त्या रेघांवर उमटलेले असतात. कोणी जुने आकडे घासून नवे मारले तर रेघाही जातात. मिशिगनमध्ये मोटार उद्योगात काम करणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत. त्यांपैकी माझ्या परिचयाच्या एकाने ‘सगळे नंबर मूळचे’ या शब्दावर एक कमॅरो घेतली होती. विक्रेता सज्जन वाटला, आकडे बरोबर होते, तारखाही बरोबर होत्या. फक्त त्या तुकड्यावर समांतर रेघांऐवजी ग्राइंडरचे गोल ओरखडे होते. आकडे बरोबर असणं पुरेसं नाही, ते बरोबर जमिनीवर असायला हवेत, हा धडा त्याला फार महाग पडला.

प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी. क्रायस्लरच्या गाडी क्रमांकात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. १९७० आणि १९७१ च्या गाड्यांवर तिथे ‘आर’ असेल तर ते ४२६ हेमी. फोर्डमध्येही पाचवं अक्षरच बोलतं. १९६९ च्या मस्टँगवर ‘झेड’ असेल तर ती बॉस ४२९. या बॉस ४२९ मध्ये ‘कारखाना’ या शब्दाचीच परीक्षा होते. इंजिन इतकं रुंद की ते मस्टँगच्या पुढच्या भागात मावेना. म्हणून अर्धवट गाड्या डिअरबॉर्नला बांधून मिशिगनमधल्याच ब्रायटन गावी कार क्राफ्ट या संस्थेकडे नेत आणि तिथे बदल करून इंजिन बसवत. दारावरचा ‘केके’ क्रमांक ही त्याची खूण. पाँटिअ‍ॅकच्या बिलांच्या नोंदी पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या संस्थेकडे आहेत, १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या नोंदी केव्हिन मार्टी यांच्याकडून ‘मार्टी रिपोर्ट’ म्हणून मिळतात. शेवरोलेवाल्यांना तो आधार नाही. त्यांची भिस्त सीटखालच्या किंवा पेट्रोलच्या टाकीवरच्या बिल्ड शीटवर, काचेवरच्या स्टिकरवर आणि वॉरंटीच्या पुस्तिकेत बसवलेल्या ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ नावाच्या छोट्या धातूच्या पट्टीवर. उठावाची अक्षरं असलेल्या या पट्टीवर इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलचे कोड असत. सर्व्हिसिंगच्या बिलावर तिचा ठसा घेत. पहिल्या मालकिणीने शिवणाच्या डब्यात ठेवून दिलेली अशी पट्टी चाळीस वर्षांनी सापडली म्हणून गाडीचा वाद मिटल्याची उदाहरणं या छंदात ऐकायला मिळतात.

राजवाड्यांपासून मराठी इतिहासाच्या अभ्यासकांनी एक शिस्त आपल्याला लावून दिली आहे : आधी अस्सल कागद, मग मत. नक्कल कितीही सुवाच्य असली तरी अस्सलाशी ताडून पाहायची. शिक्का, कागद, शाई, तारीख हे सगळं एकमेकांशी जुळतं का ते बघायचं. या गाड्यांवर काम करताना मला ती शिस्त पावलोपावली आठवली, आणि मराठी वाचकाला हा विषय परका वाटणार नाही असा विश्वास तिच्यामुळेच आला.

अस्सलपणाचा याहून हळवा भाग आकड्यांच्या पलीकडे आहे. जोडणीच्या लाइनवर माणसं उभी होती. त्यांनी पुढच्या कामगाराला कळावं म्हणून रेडिएटरच्या आडव्या पत्र्यावर खडूने कोड लिहिले. बोल्ट आवळल्याची खूण म्हणून त्यावर रंगाचा ठिपका दिला. घाईत मारलेल्या काळ्या रंगाचा फवारा शेजारच्या भागावर उडाला. दाराखालच्या कडेला रंगाचा ओघळ राहिला. दार आणि मडगार्ड यांमधली फट वर बारीक, खाली रुंद राहिली. पुढे हौसेने गाडी नवी करणाऱ्यांनी हे सगळं दोष म्हणून काढून टाकलं. पत्रा घासला, लांबी भरली, आजच्या पद्धतीचा आरशासारखा रंग दिला, फटी सारख्या केल्या. गाडी कारखान्यातून निघाली त्याहून सुंदर झाली, आणि कारखान्यातून निघालेली गाडी मात्र नाहीशी झाली. चिंच लावून लखलखीत केलेल्या शिवराईसारखंच हे. चकाकी आली, पण नाणं पाहणारा जाणकार हळहळतो.

हे पटवून द्यायला १९६८ ची एकच मस्टँग पुरे. ‘बुलिट’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली ती हिरवी गाडी. १९७४ मध्ये न्यू जर्सीच्या एका कुटुंबाने मासिकातली जाहिरात पाहून ती ६,००० डॉलरला घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. १९७७ मध्ये मॅक्वीन यांनी पत्र लिहून ती परत मागितली. कुटुंबाने दिली नाही. १९८० च्या सुमाराला क्लच गेला आणि गाडी बाजूला लागली. ती पुन्हा जगासमोर आली ती २०१८ मध्ये, डेट्रॉईटच्या मोटार प्रदर्शनात. रंग विटलेला, पत्रा पोचलेला, कडांना गंज. पण कॅमेरा बसवण्यासाठी चित्रीकरणाच्या वेळी केलेल्या जोडण्यांच्या खुणा तशाच होत्या. कोणी तिला ‘चांगली’ केली असती तर त्या खुणा भरून, घासून गेल्या असत्या आणि ती हजारो हिरव्या मस्टँगांपैकी एक झाली असती. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली झाली. ज्यांनी तिला हात लावला नाही, त्यांच्या संयमाचीही ती किंमत होती.

म्हणून गाडी दुरुस्तच करू नये असं मी म्हणत नाही. सडलेला पत्रा बदलावाच लागतो, आणि पूर्ण जीर्णोद्धार हीसुद्धा मोठी कला आहे. वॉरंटीत बदलून मिळालेल्या इंजिनावर शेवरोले ‘सीई’ अशी अक्षरं मारत असे. ते मूळ इंजिन नव्हे, पण गाडीच्या आयुष्यातला खरा प्रसंग आहे. शोरूममधून बाहेर पडल्याच्या आठवड्यातच रुंद टायर आणि वेगळे सायलेन्सर लावणाऱ्या तरुणांच्या गाड्यांना आता ‘डे टू’ म्हणून मान मिळतो, तोही योग्यच. साध्या मालिबूला एलएस६ चं रूप देऊन ती तशी आहे असं उघड सांगणाऱ्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते खोटं बोलणाऱ्याशी. शेवरोलेच्याच कॉर्व्हेटवाल्यांनी या बाबतीत सगळ्यांना वाट दाखवली : १९७३ पासून ब्लूमिंग्टन गोल्ड आणि १९७४ पासून नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी यांनी गाडी किती चकचकीत आहे यापेक्षा ती कारखान्यातून निघाली तशी आहे का, हे तपासायची पद्धत घालून दिली. पुढे न बदललेल्या गाड्यांना ‘सर्व्हायव्हर’ हे नाव आणि मान मिळाला तो याच विचारातून.

पुस्तकाची मांडणी या वाटेनेच केली आहे. पहिल्या भागात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांचे क्रमांक वाचायची रीत. दुसऱ्यात कागद : बिल्ड शीट, स्टिकर, वॉरंटीची पट्टी, डीलरचं बिल. तिसऱ्यात दुर्मीळ ऑप्शन्स, प्रत्येकाच्या ओळखीच्या खुणांसह. चौथ्यात नकली काम कसं पकडायचं ते. शेवटच्या भागात जपणुकीबद्दल लिहिलं आहे, आणि तो भाग मला सगळ्यांत जवळचा आहे. ज्या मालकांनी गाड्यांखाली झोपून मला खुणा पाहू दिल्या, त्यांच्या विनंतीवरून त्यांची नावं इथे दिलेली नाहीत; ऋण मात्र मोठं आहे.

या गाड्या मुंबईत जोडल्या गेल्या नाहीत. पण त्यांची कुलनामं आपल्याला जुनी आहेत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला शेवरोले जोडायला सुरुवात केली, आणि स्वातंत्र्याच्या वर्षापासून कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज आणि प्लायमाउथ निघू लागल्या. नंतर आपल्या अंगणात पद्मिनी आली, येझदी आली, राजदूत आली. त्यांतल्या किती आज मूळ रंगात उरल्या आहेत? शेडमधल्या, गोठ्यातल्या, सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली असलेल्या त्या गाड्यांच्या सीटखालीही काही असेल, आणि त्यांच्या पत्र्यावरही एखाद्या कामगाराचा ठिपका असेल.

वाचकाकडे एवढंच मागणं आहे. घरात जुनी गाडी असेल तर मेकॅनिकला बोलावण्याआधी कागद गोळा करा : पहिलं बिल, आरसी बुक, विम्याच्या पावत्या, सर्व्हिसिंगची पुस्तिका, आजोबांचा गाडीशेजारचा फोटो. इंजिन आणि चॅसीच्या नंबरांचे पेन्सिलने छाप घ्या आणि फोटो काढा. मग सीट उचला, कार्पेट उचला, पत्र्यावरच्या खुणा बघा, त्यांचेही फोटो काढा. रंग घासायचा की नाही ते त्यानंतर ठरवा. नवा रंग केव्हाही देता येतो. मूळ रंग एकदाच दिलेला असतो.